कपाटातून फक्त पट्ट्या गेल्या

१

चोराने काचेचं कपाट उघडलं, चॅम्पियनचा चमचमता बेल्ट जागच्या जागी ठेवला, आणि त्याच्या शेजारच्या दोन जुन्या, डाग पडलेल्या कापडी पट्ट्या तेवढ्या उचलून नेल्या. असला चोर मी पाहिला नव्हता. आणि माझी सगळी वकिली बुरहानपूरच्या कोर्टात गेलेली आहे, म्हणजे चोर काही मी कमी पाहिलेले नाहीत.

मधुकरशेठनी मला सकाळी सकाळी बोलावून घेतलं. शेठ म्हणजे शहरातल्या शनवारा भागातले यंत्रमागवाले. मागांच्या शेडच्या वर त्यांनी हौसेने बॉक्सिंगचा क्लब काढलाय, आणि क्लबची कायद्याची कामं माझ्या गळ्यात घातली आहेत. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. दोन जवान पोरं एकमेकांची थोबाडं फोडतात आणि लोक टाळ्या वाजवतात, एवढीच माझी माहिती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दारामागच्या खिळ्याला असते, हे क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक. म्हणजे चोर घरचाच. शेठनी त्याचं नावही काढून ठेवलं होतं: समाधान.

आता हे समाधान प्रकरण काय, ते सांगते. मागच्या वर्षी या क्लबात तापी खोऱ्याच्या किताबाची लढत झाली. जसोंडी गावचा चेतन आणि इथला शनवाऱ्याचा समाधान. तिसऱ्या फेरीत चेतनचा उजवा हात बसला आणि समाधान आडवा झाला. जबडा मोडला बिचाऱ्याचा. चेतन चॅम्पियन झाला. ग्लोव्ह्ज घालण्याआधी त्याने मुठींना गुंडाळलेल्या पट्ट्या शेठनी मागून घेतल्या आणि बेल्टशेजारी मांडल्या. पाहुणा आला की शेठ बोट दाखवून सांगायचे, हे बघा, हे डाग म्हणजे समाधानचं रक्त.

करार मीच लिहिला होता. हरलेल्याने मागितली तर वर्षाच्या आत पुन्हा लढत द्यायची. नाही दिली तर बेल्ट परत आणि चॅम्पियन कायमचा रिंगणाबाहेर. समाधानने जबडा भरून येताच लढत मागितली. चेतनने आधी खांदा दुखतो म्हणून टाळलं, मग मामेभावाचं लग्न काढलं, आणि आता तर फोनच उचलत नव्हता. येत्या रविवारी वर्ष संपत होतं, म्हणून शेठनी लढत त्याच दिवशी ठेवली होती. रविवारी चेतन आला नाही तर त्याला पुन्हा कुठल्याच रिंगणात पाय ठेवता येणार नव्हता, आणि त्या पोराला रिंगणाशिवाय दुसरं काही सुचत नाही, हे शेठच मला सांगत होते.

तर शेठचं म्हणणं असं, की पट्ट्यांच्या चोरीबद्दल समाधानवर तक्रार करा आणि लढत टाळतो म्हणून चेतनला नोटीस द्या. मी म्हटलं, नोटीस कुठे पळून जात नाही. आधी दोघांशी बोलते. शेठ म्हणाले, ताई, तुम्हाला बॉक्सिंगमधलं काय कळतं? मी म्हटलं, काहीच नाही, म्हणून तर प्रश्न विचारायला मला लाज वाटत नाही.

२

समाधान शाळेत गणित शिकवतो. मी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून वह्या तपासत होता. त्याच्या आईने चहा आणि खारी आणली. त्याने खारी चहात बुडवून अगदी मऊ केली आणि डावीकडच्या दाढेने हळूहळू खाल्ली. मला वाईट वाटलं, आणि शेठच्या त्या बोट दाखवण्याचा राग आला.

पट्ट्या त्याने घेतल्या नव्हत्या. तसं तो सरळ म्हणाला आणि मला ते पटलं. घ्यायच्याच असत्या तर वर्षभर त्याच्या तोंडावर त्याचं रक्त लोकांना दाखवलं जात होतं, तेव्हाच घेतल्या असत्या. उलट मागच्या आठवड्यात त्याने त्या गोष्टीची थट्टासुद्धा केली होती. चेतन बऱ्याच दिवसांनी क्लबात आला होता, दोघं कपाटासमोर उभे होते. समाधान त्याला हसत म्हणाला, “मेरा खून इतना फेमस हो गया, आता एकदा लॅबमध्ये देऊन ग्रुप तरी बघून घेतो.”

“मग चेतन काय म्हणाला?”

“काही नाही. पांढराफटक पडला आणि निघून गेला. मला वाटलं, मनाला लावून घेतलं त्याने.”

तू पुन्हा लढायला का मागतोस, असं मी त्याला विचारलं. एकदा जबडा मोडून घेतला तेवढं पुरे नाही का झालं? त्याने हातातली वही मिटली. मग त्याने जे सांगितलं ते मी नीट लक्षात ठेवलं. बदला वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं. दोघं एकाच क्लबात वाढलेले, सरावात चेतनचा उजवा हात त्याने शेकडो वेळा खाल्लेला. त्या दिवशीचा हात तसा नव्हता. “ताई, मूठ नाही लागली मला. दगड लागला. तो एवढा पुढे गेलाय का, की मलाच आता काही येत नाही, ते मला कळायला पाहिजे. नाहीतर मी खेळणं सोडून देईन.”

त्याने मोबाइलवर त्या क्षणाचा फोटो दाखवला. चेतनचा हात समाधानच्या गालावर, तोंडातून रक्त उडालेलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चेतनच्या हातात भोपळ्याएवढा लाल ग्लोव्ह होता.

“आणि त्या पट्ट्या कुठे आहेत यात?” मी विचारलं.

“आत. ग्लोव्हच्या आत.”

“अरे बाबा, मग तुझं रक्त आत गेलं कसं?”

गणिताच्या मास्तराने फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पाहिला.

३

वर्षभर अख्खा क्लब त्या पट्ट्यांना नमस्कार करत होता आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. जे रोज बघतो त्याकडे कोण बघतं?

रक्त समाधानचं नाही, तर मग चेतनचं का? हे विचारायला मी अनंतसरांकडे गेले. सर म्हणजे दोघांचेही कोच. भला माणूस, पण प्रश्न टाळायचा असला की शिट्टीच्या दोरीशी खेळत बसतो. त्या दिवशी दोरीला उसंत नव्हती.

चेतनचा हात फुटला होता का, तर नाही. सामना संपल्यावर त्याच हाताने त्याने सगळ्यांना मावा जिलेबी भरवली होती, कुठे खरचटलेलंही नव्हतं. डाग कसला होता, लाल? नाही, तपकिरी, काळपट. कपाटात ठेवण्याआधी पट्ट्या धुतल्या होत्या का? हो, घामाचा वास येत होता म्हणून दोनदा साबण लावून धुतल्या, पण डाग काही हलला नाही. सर म्हणाले, रक्ताचा डाग जात नाही ना. मी म्हटलं, सर, तुमच्या घरी कपडे कोण धुतं? ताजं रक्त गार पाण्याने जातं, हे कुठल्याही बाईला विचारा.

मग मी मुद्द्यावर आले. त्या दिवशी चेतनच्या पट्ट्या बांधल्या कुणी?

दोरी थांबली. सरांनी कबूल केलं. नियमाने कोचने स्वतः, क्लबात, डोळ्यांसमोर बांधायच्या असतात. आत कापसाच्या पट्टीशिवाय काही चालत नाही. पण आदल्या दिवशी चेतनचा उजवा अंगठा मुरगळला होता, म्हणून तो जसोंडीहून घरूनच पट्ट्या बांधून आला. इकडे दुसऱ्या पोरांचे सामने चालू होते, धावपळ होती. सरांनी वरून हात फिरवला आणि पट्टीवर पेनाने सही ठोकली.

“उलगडून बघितल्या नाहीत?”

“घरचाच पोरगा, वैजूताई. काय बघायचं त्यात?”

माझं डोकं तापलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, की एका पोराचा जबडा मोडला, सर, आणि तुम्ही न बघता सही करता. ते खाली मान घालून बसले. मग मलाच कसंतरी झालं, कारण माणूस खरंच खजील झाला होता.

जिना उतरताना मला तो डाग ओळखू आला. तपकिरी, काळपट, साबणाला दाद न देणारा. बुरहानपुरात असं घर नाही, जिथे त्या डागाने एखादी नवी साडी बाद केलेली नाही. लग्नाच्या मांडवाला खांब बांधताना हमखास लागतो. केळीचा चीक.

मी रिक्षावाल्याला जसोंडीला चल म्हटलं.

४

चेतनच्या आईचं नाव मालूबाई. नवरा नाही, दोन बिघे केळी आहेत, आणि ती तिने एकटीने सांभाळली आहेत. वकीलीण बाई दारात आल्या म्हटल्यावर तिने आधी पाणी दिलं, मग शेव-मुरमुरे पुढे ठेवले, आणि मग भिंतीवरचा फोटो दाखवला. पोरगं जिंकलं म्हणून गावाने देवळासमोर तिला खुर्चीवर बसवून, लुगडं देऊन सत्कार केला होता, त्याचा.

अंगणात ती केळीच्या खांबाची साल सोलत होती. सोपट म्हणतात त्याला. ओल्या सोपटाच्या लांब पट्ट्यांनी ती वेलाच्या मांडवाच्या काठ्या बांधत होती. मी म्हटलं, सुतळी का नाही घेत? मालूबाई हसली. सुतळी ढिली पडते, सोपट ओलं बांधलं की वाळता वाळता आवळतं आणि लाकडासारखं कडक होतं. मुरगळलेल्या पायालाही ते लोक हेच बांधतात, बैलाच्याही आणि माणसाच्याही.

मला विचारावंसुद्धा लागलं नाही. तिने आपण होऊनच सांगितलं, आणि किती कौतुकाने.

“अंगठा सुजेल होता त्याचा. मी सकाळीच सोपट बांधलं, चांगलं बोटाच्या पेरांवरून तीन फेरे, वर गाठी. वरतून त्याची ती कापडाची पट्टी. सांजेलोक असं घट्ट झालं का विचारू नका. साऱ्या बायाईले सांगते मी, पोरगं माह्या गाठीनं जिंकलं.”

मी मुरमुरे खाली ठेवले. गावातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. शहरात एकालाही नाही. ज्या गोष्टीने किताब जाणार होता, ती गोष्ट ही माउली वर्षभर विहिरीवर सांगत होती.

मग तिचा चेहरा उतरला. या रविवारीही तीच बांधणार होती, सगळ्यांच्या समोर, गावाच्या बाया टेम्पो करून बघायला येणार होत्या. खांबही हेरून ठेवला होता. पण पोरगं हात दाखवत नाही. घरी जेवायला येत नाही, बागेतच पडून राहतं. “मले काही सांगतच नाही तो. माहं काही चुकलं का, तुम्ही विचाराल का त्याले?”

मी उठले. विचारते म्हटलं. खरं काय ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

५

चेतन बागेत पाटाच्या कडेला बसला होता. चांगला उंचपुरा, पण मला बघून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. नोटीस आणली का, म्हणाला.

मी म्हटलं, बस, तुला एक गोष्ट सांगते. चूक असेल तिथे थांबव. पट्ट्यांवरचा डाग रक्ताचा नव्हता, कारण रक्त ग्लोव्हमधून आत जात नाही आणि साबणाला टिकत नाही. डाग केळीच्या चिकाचा. चीक आला सोपटाचा, सोपट बांधलं तुझ्या आईने. सकाळी ओलं, संध्याकाळी लाकूड. समाधानला दगड लागला तो हाच. मागच्या आठवड्यात समाधान थट्टेने लॅबचं बोलला, आणि तू एकटाच असा होतास की त्या पट्टीत रक्त निघणार नाही हे तुला माहीत होतं. म्हणून बेल्ट राहिला आणि पट्ट्या गेल्या.

त्याने कुठेच थांबवलं नाही.

पट्ट्या त्याने जाळल्या होत्या. लढतीच्या वेळी त्याला खरंच काही माहीत नव्हतं. आई लहानपणापासून बांधते तसं तिने बांधलं, अंगठा दुखायचा थांबला, सामन्यानंतर त्याने ते सोडून फेकून दिलं, एवढंच. आत दुसरं काही चालत नाही हे सर सांगायचे, पण सोपट म्हणजे त्याच्या लेखी औषध होतं. पुढे सर क्लबात नव्या पोरांना मुठी बांधायला शिकवत होते. असल्या कडक वस्तूने मूठ दगड होते आणि समोरच्याचं हाड मोडतं, असं ते म्हणाले, तेव्हा याला कळलं आणि सराव अर्धवट टाकून हा घरी निघून आला.

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“किसको बोलू मॅडम? सरांना सांगितलं असतं. समाधानभाऊचे पाय पण धरले असते. बेल्ट गेला तर गेला, त्याचं टेन्शन नाही. पर आईले कसं सांगू?”

त्याने पाटात एक ढेकूळ भिरकावलं. आई या रविवारी हात बांधायला येणार. बांधू दिलं तर पुन्हा तेच पाप, आणि या वेळी जाणूनबुजून. नाही म्हटलं तर ती विचारणार का. मग सांगावं लागणार, की तुझ्या हाताने एका पोराचा जबडा मोडला. “तिच्या जिंदगीत तेवढी एकच गोष्ट झाली मॅडम, जिच्यासाठी गावानं तिला खुर्ची दिली. लोक मला डरपोक बोलतील, बोलू द्या. रिंग सुटली तरी चालेल.”

मला त्याची कणव आली आणि तेवढाच संतापही. मी म्हटलं, “चेतन, एकटीने केळी सांभाळून तुला वाढवणारी बाई ती. तू तिला काचेची समजतोस का रे? ती मला आत्ता विचारत होती, माझं काय चुकलं. इतके दिवस तू तिचा हात झिडकारतोयस आणि तिला कारण माहीत नाही. हे बरं की ते?”

त्याने पाटाच्या पाण्याने तोंड धुतलं. मग उठून घराकडे चालू लागला. मी मागे होते, पण अंगणाच्या बाहेरच थांबले. तो खाली बसून बोलत होता, मालूबाई सोपटाची पट्टी हातात धरून ऐकत होती. ती रडली नाही. तिने एकच विचारलेलं मला ऐकू आलं.

“तो पोरगा आता जेवतो का बरोबर?”

चेतनने मान हलवून नाही म्हटलं. मालूबाई आत गेली, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि माझ्याच रिक्षात येऊन बसली.

६

शनवाऱ्यात समाधानच्या ओट्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण बोलणं फार झालंच नाही. चेतनने सगळं सांगितलं. मालूबाईने हात जोडले आणि ती म्हणाली, बापा, मले माहीत नव्हतं. समाधानची आई आधी फार बोलली, आणि तिने बोलायलाच पाहिजे होतं. तिने महिनोन्महिने पोराला वाटीने पेज पाजली होती. मालूबाईने सगळं ऐकून घेतलं. समाधान मात्र भिंतीला टेकून बसला आणि त्याने मोठा श्वास सोडला.

“म्हणजे मी वाईट नव्हतो खेळलो,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी क्लबात सगळे जमले. शेठ पेटलेच होते. बेल्ट काढा, पोराला हाकला, आणि हे बाहेर जाता कामा नये, हे सगळं त्यांना एकाच वेळी हवं होतं. मी त्यांना बसवलं. जी लढत नियमाने झालीच नाही, तिचा किताब कुणाचाच नाही, म्हणजे बेल्ट आज मोकळा. चेतन आज लढायला आला आहे, म्हणजे करार पाळला गेला. आणि झालं ते सामन्याआधी सगळ्यांसमोर माइकवर सांगायचं, ते चेतनच सांगेल. अनंतसर म्हणाले, माझ्या सहीचं मी सांगतो. शेठ पुटपुटत राहिले, पण समाधान म्हणाला की मला लढायचंच आहे, तेव्हा त्यांचा इलाज चालला नाही.

चेतन माइकवर बोलला तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली, कुणी शिट्ट्या मारल्या. जसोंडीच्या बायका टेम्पोने आल्याच होत्या. त्या मालूबाईकडे बघत होत्या आणि ती मागच्या भिंतीशी, पदर तोंडाला लावून, एकटीच उभी होती. तिच्या शेजारी कुणी गेलं नाही. चेतन माइकवरून तिच्याकडेच बघत होता, आणि मला वाटलं, याला ज्याची भीती होती ते अखेर झालंच.

मग मुठी बांधायची वेळ झाली. आता कुणालाच ढिलाई नको होती. सरांनी मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि दारात येऊन मोठ्याने विचारलं, नियमाने एकाच्या मुठी बांधताना दुसऱ्याकडचं माणूस समोर बसतं. समाधान, तुझ्याकडून कोण बसणार?

शेठ पुढे झाले. समाधानने त्यांना हातानेच थांबवलं.

“माझ्याकडून मालूबाई बसतील.”

हॉलमधल्या सगळ्या माना मागच्या भिंतीकडे वळल्या. मालूबाईला आधी कळलंच नाही, मग जसोंडीच्याच एका बाईने तिला पुढे ढकललं. समाधानने स्वतः खुर्ची सरकवून दिली. ती काठावर बसली. चेतनने टेबलावर उघडा हात ठेवला आणि सर पट्टी गुंडाळू लागले. ती डोळ्यांची पापणी न लववता बघत होती. अर्ध्यात तिने सरांचा हात धरला.

“सोडा. अंगठ्यापाशी मले दिसलं नाही.”

सरांनी मुकाट्याने सगळं सोडलं आणि पहिल्यापासून बांधलं. झाल्यावर मालूबाईने पोराची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, एकेक पेर अंगठ्याने दाबून पाहिलं. चेतन तिच्याकडे बघत होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती दारात उभ्या समाधानकडे वळली.

“आत काही नाही बापा,” ती म्हणाली. “नुसता हातच आहे.”